मांडा : ४४ किलोचा कुत्रा, दिवसाला १६ गोळ्या, घर हवं आहे

सातपुडा_पायथा | १८ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. याच कुत्र्याची जाहिरात मी एप्रिलमध्ये टाकली होती. 'शांत, प्रेमळ, कुणालाही सांभाळता येईल असा' वगैरे. ती खोटी नव्हती, पण अर्धी होती, आणि त्या अर्ध्याचा त्रास एका चांगल्या कुटुंबाला झाला. म्हणून या वेळी सगळं लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

जानेवारीच्या शेवटी सावदा-रावेर रस्त्याला, आमच्या मळ्याशेजारी केळीचे ट्रक भरतात तिथे हा दिसला. ग्रेट डेन आणि अजून कसलं तरी मिश्रण. पोट खपाटीला, तोंड मात्र सुजल्यासारखं, शेपटीला केस नाहीत, गळ्यावर पट्ट्याचा जुना वळ. गोचीड इतके की कानाची आतली बाजू दिसत नव्हती. मजुरांनी टाकलेली भाकरी खायचा आणि सरपणाच्या शेकोटीला इतका चिकटून बसायचा की एकदा मिशा जळल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर चारी दिशांना फोटो फिरवले. कुणी आपला म्हणायला आलं नाही. मग घरी आणला.

पहिलं वजन केळीच्या काट्यावर. नवरा त्याला कवेत घेऊन काट्यावर चढला, त्यातून नवऱ्याचे ७१ वजा केले. ३८ किलो. काट्यावरचा मुलगा म्हणाला, "वहिनी, पावती कुणाच्या नावाने फाडू?"

रक्तात गोचीडताप निघाला. प्लेटलेट ३१ हजार, ज्या दोन लाखांच्या वर असायला हव्यात. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस, जेवणासोबत, कारण रिकाम्या पोटी दिली की ओकायचा. नाकातून रक्त एकदाच आलं, पण त्या रात्री आम्ही दोघं ओसरीवरच झोपलो.

डॉक्टरांना थायरॉइडचा संशय पहिल्याच दिवशी होता, पण ते म्हणाले आत्ता तपासायचं नाही. दुसऱ्या आजारातही टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, खाली जातो आणि उगाच जन्माची गोळी मागे लागते. ताप बरा करून मार्चअखेर टी-फोर आणि टीएसएच दोन्ही केलं. थायरॉइडच निघाला. १ एप्रिलपासून गोळी चालू. सहा आठवड्यांनी, म्हणजे मागच्या आठवड्यात, सकाळच्या गोळीनंतर पाच तासांनी रक्त दिलं. पातळी जागेवर आली आहे. शेपटीवर लव फुटली आहे. शेकोटी शोधणं बंद.

आता गोळीचं. माणसांची १०० मायक्रोग्रॅमची येते, तीच. माणूस सकाळी एक घेतो. हा एका वेळी आठ घेतो, दिवसातून दोनदा. कुत्र्याच्या आतड्यात ती कमी मुरते आणि अंगातून लवकर निघून जाते, म्हणून. मेडिकलवाल्याने पहिल्या दिवशी चिठ्ठी तीनदा वाचली, डॉक्टरांना फोन लावला, आणि फोन ठेवल्यावरही माझ्याकडे संशयानेच बघत होता. शंभराची बाटली सहा दिवसांत संपते. महिन्याचा खर्च हजाराच्या आतबाहेर. (हा डोस याचा आहे. आपल्या कुत्र्याला अंदाजाने देऊ नका.)

नाव मांडा, कारण आडवा झाला की खापरावर टाकलेल्या मांड्यासारखा पसरतो आणि उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत जागा व्यापतो.

आता चूक. मेच्या सुरुवातीला जळगावातलं एक कुटुंब त्याला घेऊन गेलं. मी त्यांना म्हटलं होतं, "थोडा थायरॉइड आहे, बाकी काही नाही." बाकी होतं. पुढच्या डाव्या कोपराला संधिवात आहे. एक्स-रे काढलेला होता, माझ्या कपाटात होता. ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी विचारलं नाही, त्यांना सांगायचं सुचलं नाही. चढला तो चढला, पाचव्या दिवसापासून खाली उतरेना. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून नुसता थरथरायचा. नवव्या दिवशी त्या काकांनी आणि वॉचमनने चादरीच्या झोळीत घालून त्याला खाली आणलं. मी न्यायला गेले तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माफी त्या मागत होत्या. मागायची मी होते.

तर पुन्हा सुरुवात. वय अंदाजे पाच. नसबंदी झाली आहे, रेबीज आणि बाकीच्या लसी झाल्या आहेत. तळमजला हवा. गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी तासभर. घरात सतत कुणीतरी असावं असं नाही, पण मेमध्ये दुपारी कूलर हवाच. फटाक्यांना घाबरतो. मांजरीच्या मागे लागतो, पण कोपरामुळे हरतो. शेतात साखळीला बांधायला देणार नाही.

सूचना द्या, शिव्या द्या, घर असेल तर घर द्या.

रिकामा_पाणी_बाटली | १८ मे, रात्री १०:४०

फोन येतील तर एकच प्रश्न विचारतील. ब्रिडिंगला चालेल का.

सातपुडा_पायथा | १८ मे, रात्री १०:४४

एप्रिलमध्ये अकरा फोन आले, त्यातले सात तेच. म्हणून तर नसबंदी उरकली. नंतरच्या फोनवर तेवढं सांगितलं की समोरचा "कळवतो" म्हणून ठेवायचा.

कळण्याची_भाकरी | १९ मे, सकाळी ७:०५

ताई, मनापासून लिहिलंय, पण असं लिहिल्यावर कोण नेणार? तुम्ही आजाराची यादी आधी वाचायला दिली. मी आजवर चार कुत्री दिली. आधी माणसाला कुत्र्याशी भेटू द्यायचं, जीव लागला की मग हळूहळू सांगायचं. लग्नं तशीच जमतात.

जंक्शनवाला | १९ मे, सकाळी ७:३१

आणि म्हणूनच काही मोडतात.

सातपुडा_पायथा | १९ मे, सकाळी ८:१०

कळण्याची_भाकरी, मीही तेच केलं हो. जीव लागला त्यांचा, खूप लागला. म्हणून तर ते लोक नऊ दिवस थांबले, नाहीतर दुसऱ्याच दिवशी फोन आला असता. आधी जीव लावून मग आजार सांगितला तर माणूस नाही म्हणू शकत नाही, फक्त आतल्या आत कुढतो. आणि कुत्रा जिन्यात थरथरतो.

गोठ्यातला_डॉक्टर | १९ मे, दुपारी १:२०

मी पशुवैद्य, दिवसभर गाई-म्हशीतच असतो, पण दोन-तीन गोष्टी सांगतो.

थायरॉइडची भीती सगळ्यात जास्त वाटते आणि प्रत्यक्षात तोच सगळ्यात सोपा. गोळी चालू असेल तर कुत्रा नेहमीचं आयुष्य जगतो. डोस जास्त झाला तर अस्वस्थ फिरतं, धापा टाकतं, पाणी फार पितं, खाऊनही वाळतं. असं दिसलं तर रक्त तपासा, आपल्या मनाने गोळी कमी करू नका. नाहीतर सहा महिन्यांतून एकदा तपासणी पुरे.

कोपरासाठी सगळ्यात मोठं औषध म्हणजे वजन. ४४ वर आलाय तो ४५च्या पुढे जाऊ देऊ नका. फरशीवर घसरतो त्या जागी सतरंजी टाका. दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी मात्र कधीही नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. माझ्याकडे अशा केसेस 'काल रात्री अर्धीच दिली होती' म्हणत येतात. (डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासूनच बंद आहे, गिधाडांपायी. तरी गोठ्यात सापडतं.)

तिसरं तुम्ही लिहिलंच नाही आणि डेनच्या बाबतीत तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ खातं. पोट ढोलासारखं ताणतं, ओकायला उबळ येते पण बाहेर काही येत नाही, कुत्रं एका जागी ठरत नाही. तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नसतं, काही तासांचा खेळ असतो आणि ऑपरेशनच लागतं. जेवण दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या, जेवल्यावर तासभर पळवू नका. आणि नेणाऱ्याने शस्त्रक्रिया करणारा जवळचा दवाखाना रात्री उघडतो का, हे कुत्रा न्यायच्या आधी विचारून ठेवावं. नसबंदीच्या वेळीच पोट उजव्या बाजूच्या भिंतीला टाचून घेता येतं. पीळ पडायचा धोका खूप कमी होतो.

सातपुडा_पायथा | १९ मे, दुपारी १:५८

हे मला कुणीच सांगितलं नाही. नसबंदी होऊन महिना झाला. आता पुन्हा भूल देऊन फक्त त्यासाठी करावं का?

गोठ्यातला_डॉक्टर | १९ मे, दुपारी २:३०

घाई नको. उन्हाळा जाऊ द्या, थायरॉइड स्थिर राहू द्या, मग कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्याला विचारा. तोवर जेवणाचं पथ्य. हे जाहिरातीत लिहा मात्र.

डोंगरकोळी | १९ मे, दुपारी ४:१५

गोचिडासाठी गोठ्यात फवारतो ते औषध पाण्यात कालवून अंगावर घाला, स्वस्तात काम होतं.

गोठ्यातला_डॉक्टर | १९ मे, दुपारी ४:२२

अंदाजाने कालवलेलं औषध कुत्रं चाटतं. असली कुत्री शिरेतून सलाइन देऊन वाचवलीत मी, आणि सगळी नाही वाचली. वजनानुसार चघळायची गोळी मिळते, तीन महिने पुरते. अंग साफ, पण गोचीड भिंतीच्या भेगांत आणि गोणपाटात असतात, तेही झाडा.

भाव_नाही_केळीला | १९ मे, रात्री ९:०२

केळीला भाव मिळेना, इकडे कुत्र्याला दिवसाला सोळा गोळ्या. चालू द्या.

सातपुडा_पायथा | १९ मे, रात्री ९:१५

आमचीही केळीच आहे, भाऊ. या वर्षी वादळात किती आडवी झाली ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

भाव_नाही_केळीला | १९ मे, रात्री ९:२१

बरं. आमचा पट्टा वाचला थोडा. उन्हाचं तुम्ही काय करता ते सांगा, आमच्याकडेही एक लॅब आहे. दिवसभर धापा टाकतो.

सातपुडा_पायथा | १९ मे, रात्री ९:५०

फिरणं पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर. मधे फक्त शू. अंगणातल्या शहाबादी फरशीवर आपला हाताचा पालथा तळवा ठेवून बघायचा. आपल्याला पाच सेकंद टिकवत नाही तर त्याच्या पंजालाही नाही. दुपारी कूलरसमोर ओल्या फरशीवर. पोट, काखा आणि पाय ओले करते, वरून पंखा. ओलं गोणपाट पाठीवर टाकून ठेवत नाही. काही वेळाने तेच गरम होऊन झाकण बसवल्यासारखं होतं, हे एकदा करून शिकले. परवा ४५ होतं. लाइट गेली दीड तास. आम्ही त्याला विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत नेलं, तिथे पाणी झिरपून गारवा असतो. तो तिथून संध्याकाळपर्यंत निघेना.

जिभेचा रंग गडद लाल आणि पाय लटपटले की घरगुती उपाय बंद, थेट डॉक्टर.

जंक्शनवाला | २० मे, सकाळी ६:४०

पुणे-मुंबईहून कुणी विचारलं तर एक सांगून ठेवतो, रेल्वेत आहे म्हणून. कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीत अख्खा कूपे लागतो. नाहीतर पार्सल ऑफिसमधून बुक करून ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत. लसीचं कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. पेटी या मापाच्या कुत्र्याला बनवलेली नाही आणि मेमध्ये भुसावळहून तसा कुठेच पाठवू नका. पावसाळ्यापर्यंत कारने जाता येईल एवढ्याच अंतरात शोधा.

वकिलीण_नाही_पण | २० मे, सकाळी ११:१८

सोडून देणाऱ्यावर तक्रार का नाही केली?

सातपुडा_पायथा | २० मे, दुपारी १२:०३

कुणावर करू? कुणी सोडला तेच माहीत नाही. आणि १९६० च्या कायद्यात जनावर सोडून देणं गुन्हा आहे, कलम ११. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. पेट्रोल जास्तीचं जाईल.

एक गंमत मात्र आहे. त्याला आम्ही 'सिट', 'कम' करून थकलो. आमच्या लेवा बोलीतलंही काही कळेना. फेब्रुवारीत पारोळ्याकडची एक बाई मळ्यात कामाला आली. त्याला दारात आडवा बघून म्हणाली, "हाई कुत्रं शे का हेला?" (हेला म्हणजे रेडा.) आणि मग, "बठ रे." तो बसला! म्हणजे कसा, मागचे पाय आधी, मग पुढचे हळूहळू घसरवत, कोपर जपत. ती म्हणाली, "आठे ये." उठून तिच्याकडे गेला. मी चहाचं पातेलं हातात धरून उभी. पंधरा दिवस आम्ही ज्याला बहिरा समजत होतो तो अहिराणी होता.

पांझराकाठ | २० मे, दुपारी १२:३०

अहो ताई मग तुम्ही चुकीच्या तालुक्यांत शोधताय! तो आमच्याकडचा आहे. अमळनेर, पारोळा, धुळं, शिरपूर. बहुतेक ट्रकबरोबर तिकडे पोचला. जाहिरात इकडे टाका, आणि त्यात 'अहिराणी समजते' हे पहिल्या ओळीत घ्या. बाकी आजार-बिजार नंतर.

सातपुडा_पायथा | २० मे, दुपारी १२:४१

आजार त्याच ओळीत. पण अहिराणी आधी, हे मान्य.

पांझराकाठ | २० मे, दुपारी १:१५

घ्या, मी लिहिलं. 'अहिराणी समजनारा मोठा कुत्रा शे. सकाय-संध्याकाय आठ-आठ गोया लागतीस. दादरा चढत नही. घर जोयजे.' गावोगावच्या ग्रुपांवर टाकतो.

बोरीकाठ | २७ मे, रात्री ८:५०

अमळनेरहून लिहितोय. पांझराकाठ यांचा मेसेज आईच्या मैत्रिणीकडून आमच्याकडे आला. घर जुनं, तळमजल्याचं, मागे अंगण, कडुलिंब. मी शाळेत शिक्षक, बायको बँकेत, आई दिवसभर घरी. मागचा कुत्रा चौदा वर्षांचा होऊन गेला, तो रस्त्यावरचाच होता. मोठा कुत्रा कधी पाळलेला नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. रात्रीच्या दवाखान्याचं विचारलं. इथे एक डॉक्टर रात्री फोन उचलतात, पण पोटाच्या ऑपरेशनला धुळं किंवा जळगाव गाठावं लागेल. गाडी आहे. चालेल का?

गोळीची अडचण नाही. आई बारा वर्षांपासून सकाळी सहाला रिकाम्या पोटी तीच घेते.

कळण्याची_भाकरी | २७ मे, रात्री ९:०४

घ्या! ताई, मी हरले.

सातपुडा_पायथा | २७ मे, रात्री ९:३०

चालेल का ते येऊन बघते, आणि तुम्हीही आधी येऊन बघा. दोनदा या. एकदा दुपारी, तो उन्हात किती निरुपयोगी असतो ते दिसेल. आईंना आणा. आणि बाटल्या वेगवेगळ्या ठेवा. त्याच्या आठ चुकून कुणी माणसाने घेतल्या तर गंमत नाही.

बोरीकाठ | ९ जून, रात्री १०:२०

दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा आईला नेलं. ताईंनी कपाटातून एक्स-रे काढून उजेडाला धरून दाखवला, कोपराचा सांधा कुठे घासलाय ते. मग पंधरा दिवसांच्या बोलीवर घेऊन आलो. नाही जमलं तर कधीही परत, कारण विचारणार नाही, असं ताईंनी कागदावर लिहून दिलंय.

पहिली रात्र तो जेवला नाही. दुसऱ्या सकाळी आई अंगणात खाट टाकून बसली आणि म्हणाली, "आठे ये." आला. खाटेखाली शिरायला गेला, मावला नाही, खाट उचलली गेली आईसकट. आई घाबरायच्या ऐवजी ओरडली, "उगा ऱ्हाय!" आणि तो तसाच उभा राहिला, खाट पाठीवर घेऊन. मला आणि बायकोला आईला उतरवावं लागलं.

शेजाऱ्यांना भरीत भरवू नका म्हणून सांगितलंय, कांद्याच्या पातीसाठी. पटलं नाही त्यांना. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे दोनदा समजावलं. भाकरी चालते म्हटल्यावर गाडी रुळावर आली.

जंक्शनवाला | १० जून, सकाळी ७:००

आई ठीक आहेत ना?

बोरीकाठ | १० जून, सकाळी ७:४५

उत्तम. तक्रार एकच. "माले एक गोयी, त्याले आठ?" रोज सकाळी.

सातपुडा_पायथा | २४ जून, रात्री ९:१०

पंधरा दिवस झाले. काल जाऊन आले. वजन ४४.५, तिथल्या धान्याच्या काट्यावर. त्याच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधलाय, आईंची साधी. माझ्याकडे आला, हात चाटला, पुन्हा खाटेजवळ जाऊन पसरला. वाईट वाटलं थोडं, खोटं कशाला बोला. घरी आल्यावर उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत नुसती फरशी.

कागद फाडला. कपाटातला एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, लसीचं कार्ड सगळं तिकडे दिलं. पोट टाचून घ्यायचं दिवाळीआधी ठरवू, बोरीकाठ धुळ्याच्या डॉक्टरांशी बोलले आहेत. जळगावच्या काकूंना फोटो पाठवला, त्या येत्या रविवारी त्याला भेटायला जाणार आहेत.

पांझराकाठ | श्रावण, रविवार, रात्री ११:०२

धागा वर काढतो. बोरीकाठ, कानबाई देवी बसली का तुमच्याकडे? प्रसादाचा रोट मांडाला दिला की नाही?

बोरीकाठ | सोमवार, सकाळी ६:२०

बसली. रात्रभर गाणी, तो दारात आडवा, सगळ्या बाया त्याला ओलांडून येत-जात होत्या. रोट दिला नाही. आई म्हणते, रोट भाऊबंदांचे, पुढला साल देखसूत.